मालगुजाराकडून पाठ करून घेतलेलं नाव

मालगुजार स्वतः उठून मला पाण्याचा गिलास द्यायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की म्हाताऱ्याचं डोकं गेलं.

कोणी म्हणेल, बाई, त्यात वाईट काय, माणूस सुधारला असेल. सुधारला म्हणे! माझ्या लहानपणी मी त्याच्या ओसरीच्या पायरीला हात लावला म्हणून ज्यानं आख्खी ओसरी शेणानं सारवून घेतली, तो गावाचा जमीनदार सत्तरी ओलांडल्यावर एका दुपारी अचानक सुधारतो होय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं उलटं झालं होतं. सुंभ जागच्या जागी होता, पांढऱ्या मिशा, कडक धोतर, हातात काठी. पीळ तेवढा कुठंतरी गळून पडला होता, आणि तो कुठं पडला हे त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, गिरडजवळच्या सरकारी दवाखान्यात नर्स. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही बाप-लेक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो आणि त्यानंतरचा दुसरा हिवाळा चालू होता. आई मी लहान असतानाच गेली होती. नर्सिंग शिकताना मला शुद्ध बोलायला शिकवलं, तशी मी बोलतेही. पण राग आला की मले आमची बोलीच येते. हे सांगताना ती पुष्कळदा येईल, कारण राग अजून गेला नाई.

त्या हिवाळ्यात मुंबईकडचा एक तरुण डॉक्टर जीप घेऊन आमच्या भागात आला. म्हातारपणी माणूस का विसरतो, ते आधीच ओळखता येतं का, आणि ओळखलं तर बरं करता येतं का, याचा शोध घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा संस्थेनं त्याला पैसा दिला होता. शहरातले म्हातारे पाहून झाले होते, आता खेड्यातले पाहायचे होते. हे आमच्या लोकांना काही केल्या पटेना. वडनेरच्या एका बुढ्यानं त्याला तोंडावर विचारलं, साहेब, आमी साठी बुद्धी नाठी म्हणतो आन् सोडून देतो, तुमी त्याच्यासाठी काऊन इतकं पेट्रोल जाळून राह्यले? डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. त्याला त्यातलं पेट्रोल तेवढं कळलं होतं.

म्हणून तर दवाखान्यानं मला त्याच्याबरोबर धाडलं. आमची बोली त्याला कळत नव्हती आणि बायका परक्या पुरुषापुढे तोंड उघडत नव्हत्या. मी प्रश्न समजावून सांगायचे, उत्तर शुद्ध करून द्यायचे आणि कार्डं लावून ठेवायचे. प्रत्येक म्हाताऱ्यामागे एक पिवळं कार्ड. वरती प्रश्न, खाली तीन चौकोन: शाबूत, संशयित, गेलेला. ज्या चौकोनात खूण, तसा तो माणूस.

प्रश्न मुंबईत बसून काढलेले. शंभरातून सात गेले की किती? यावर आमचे बुढे विचारायचे, कायचे शंभर, पेंड्या का छपराचे कवेलू? तुमचं राज्य कोणतं? आता आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून काढून मुंबईला जोडल्याला वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. बुढे ‘सीपी’ असं गोऱ्यांच्या वेळचं नाव सांगून मोकळे व्हायचे आणि डॉक्टर शून्य लिहायचा. मी म्हटलं, साहेब, हा प्रश्न पटवाऱ्याले इचारून पाहा, तोही आधी वर पाहीन. मग होतं स्वतःचं नाव, जात, घरातल्या देवांची नावं, वर्षाचे सण ओळीनं. हे सोपे प्रश्न, असं डॉक्टर म्हणायचा. माणूस सगळं विसरला तरी देव आणि सण विसरत नाही म्हणे.

त्याचा एक नियम मात्र चांगला होता, हे मी आजही म्हणते. प्रश्न विचारताना घरचा माणूस समोर नको. घरचे प्रेमापोटी खुणा करतात, शब्द पुरवतात, आणि मग आजार लपतो. मी एकदा विचारलं, साहेब, ओळखल्यावर औषध काय देता? तो म्हणाला, औषध अजून नाही, आधी ओळखता तर यायला हवं. माणूस तसा खोटा नव्हता. भोळा होता, आणि भोळ्या माणसाच्या हातात शिक्का आला की काय होते ते आता सांगतो... सांगते.

नाल्याच्या काठी माझ्या बापाचा जमिनीचा एक तुकडा होता. त्यात विहीर. मी पाळण्यात होते तेव्हा मालगुजारानं बाला तोंडी सांगितलं होतं की इथं विहीर खोद, पाणी लागलं तर तुकडा तुझा. खाली सगळा काळा खडक, पाणी लागत नाही हे त्याला माहीत होतं. लोकांपुढे हसण्यावारी केलेला सौदा होता तो. बानं तीन उन्हाळे खोदलं. आई टोपलीनं माती आणि दगड ओढायची. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागलं, आणि असं गोड लागलं की गावातल्या मचूळ विहिरींना लाज यावी. मालगुजारानं शब्द फिरवला नाही, पण कागदही केला नाही. बा तो तुकडा वीस वर्षांच्या वर कसत आला.

मग मालगुजारी गेली आणि कोणाची जमीन कोणाच्या नावावर चढवायची याच्या चौकशा सुरू झाल्या. मालगुजाराचा एकुलता मुलगा तेव्हा सगळं पाहायला लागला होता. त्यानं तो तुकडा घरच्या शेतीत दाखवला. तरीही कदाचित निभावलं असतं. पण आम्ही दीक्षा घेतली. बानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, घरातले देव बांधून नाल्यात सोडले, आणि आणखी एक केलं, ते त्या लोकांना सगळ्यात जास्त झोंबलं. गावात बाच्या नावाच्या शेवटी एक ‘या’ चिकटवून हाक मारायचे. लहान पोरंसुद्धा मारायची. इथं मी त्याच्या जागी ‘अमक्या’ लिहिते, समजून घ्या. बानं त्या हाकेला ओ द्यायचं बंद केलं. कितीही ओरडा, मान वळायची नाही. मालगुजाराच्या मुलानं चारचौघांत सांगितलं की याला नाव नको झालं असेल तर तुकडाही नको झाला असेल.

बानं तहसिलीत अर्ज दिला. नायब तहसीलदार मौका पाहायला, म्हणजे जागेवर चौकशीला, येणार असं ठरलं. कागद नव्हताच. शब्द दिला तेव्हा हजर असलेले लोक अचानक बहिरे झाले होते. उरले दोघं, एक शब्द देणारा आणि एक घेणारा. मुलगा सांगत फिरत होता की असा शब्द दिलाच नव्हता असं आमचे बाबा म्हणतात. म्हणजे आता सगळं दोन म्हाताऱ्यांच्या तोंडावर आलं होतं. माझ्या बापाचं बोलणं धरलं नाही, तर आईनं डोक्यावरून वाहिलेला एकेक दगड त्या पोट्ट्याच्या नावावर चढणार होता.

आणि डॉक्टरचा मुक्काम होता मालगुजाराच्याच घरी. दुसरीकडे कुठं उतरणार? जीप उभी करायला तेवढं एकच आंगण होतं. तो आत जेवायचा, मी पायरीखाली बसून कार्डं लावायचे. तिथंच म्हातारा बाहेर आला आणि विचारलं, कोनाची पोरगी वं तू? मी बाचं नाव सांगितलं, पूर्ण नाव. बरं बरं म्हणून आत गेला. थोड्या वेळानं परत आला, कोनाची पोरगी वं तू? मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा आला तो हातात स्वतःचा पितळी गिलास घेऊन. म्हणाला, घे बाई, उन्हातून आली.

मी घेतला. तोंडाला लावून प्याले, सगळा. तेवढ्यात मुलगा धावत आला, गिलास माझ्या हातून हिसकला आणि चुलीतल्या विस्तवात टाकायला लावला, बाट, म्हणजे माझा विटाळ, जाळायला. म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला. त्याला खरंच कळेना. काऊन रे, पाहुणी हाये ना, असं त्यानं विचारलं. मी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले. याला सगळं माहीत होतं. कोंबडं टोपलीखाली झाकून ठेवलं होतं त्यानं.

त्याच दुपारी डॉक्टरनं मालगुजाराचं कार्ड भरलं. बैठकीत गादीवर म्हातारा, शेजारी मुलगा. मी दारात. ज्याच्या घरी जेवलो त्याला बाहेर जा कसं म्हणायचं, म्हणून नियम राहिला पिशवीत. शिवाय आमच्याकडे मालगुजाराला कोणी प्रश्न विचारत नसे. विचारलाच तर उत्तर दुसऱ्यानं द्यायचं आणि मालकानं मान हलवायची, हा रिवाजच होता. मुलानं वर्ष सांगितलं, वार सांगितला, देव सांगितले, सण ओळीनं सांगितले. बापानं मान हलवली. डॉक्टरला वाटलं, काय हा रुबाब. कार्डावर खूण झाली: शाबूत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आमच्या वस्तीत आला. मी प्रश्न समजावायला पुढे झाले तर म्हणाला, तुम्ही मुलगी आहात, नियमाप्रमाणे तुम्हाला थांबता येणार नाही. आमच्यासाठी नियम पिशवीतून बरोबर बाहेर आला. मग बोली समजावायला कोण? मालगुजाराचा मुलगा जीपमध्ये बसून आलाच होता गाव दाखवायला. मी कुंपणाबाहेर उभी राहिले. मले तवाच कळायले पाहिजे होतं.

संध्याकाळी कार्डं लावताना बाचं कार्ड हातात आलं. स्वतःचं नाव: ओळखत नाही. जात: सांगता येत नाही. घरातले देव: एकही नाव आठवत नाही. सण: आठवत नाहीत. खाली शेरा होता की म्हातारा उत्तर न देता भिंतीकडे पाहत बसतो. खूण: गेलेला.

घरी जाऊन बाला विचारलं तर तो शांतपणे भाकर खात सांगायला लागला. पोट्ट्यानं पहिलंच विचारलं होतं, तू अमक्या ना? बा म्हणाला, नाई, अमक्या मेला. जात? ते आता सोडली. देव? नाई आमच्या घरी. पोळा, गणपती, दिवाळी? नाई, नाई, नाई. बाच्या एकेका ‘नाई’मागे नागपूरच्या त्या मैदानावर हात वर करून घेतलेली शपथ होती, आणि डॉक्टरच्या कार्डावर तेवढी शून्यं पडत गेली. मधे बसलेल्या पोट्ट्यानं सांगायचं ते सांगितलं, गाळायचं ते गाळलं.

मी तशीच उलट पावली डॉक्टरकडे गेले. सगळं सांगितलं. तो कावराबावरा झाला, पण म्हणाला, भरलेलं कार्ड मला खोडता येत नाही, आकडे पुढे पाठवायचे असतात. आणि मग सहज म्हणाला की त्या गृहस्थांनी काळजीनं विचारलं म्हणून त्यांना चिठ्ठीही लिहून दिली आहे, म्हाताऱ्याकडे लक्ष ठेवावं, त्याची स्मृती गेली आहे अशी. काळजीनं! माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती चिठ्ठी कोणत्या कामाची होती हे त्या शहाण्याला आठ दिवस कळणार नव्हतं आणि मौका चार दिवसांवर होता.

त्या घराला आग लावावी असं मला वाटलं. उगाच मोठेपणा काऊन घेऊ, खरंच वाटलं. करुणा, क्षमा, हे सगळं मी दीक्षेच्या वेळी ऐकलं होतं आणि मनापासून मान हलवली होती. पण त्या चार दिवसांत करुणेचा एक थेंब माझ्यात नव्हता. मी दवाखान्यात सुया उकळत होते आणि मनात एकेक वाक्य घासून ठेवत होते. बाला मी गिलासाची गोष्ट सांगितली. तो एवढंच म्हणाला की आत्ता बोंबलू नको, मौक्यावर बोल.

मौका विहिरीपाशी झाला. नायब तहसीलदार बाभळीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. अर्धं गाव जमलं. तिथून गिरडच्या टेकडीवरचा दर्गा दिसतो, तिकडे तोंड करून मी उभी राहिले, कारण माणसांकडे पाहिलं असतं तर आवाज चढला असता. मालगुजाराला दमणीतून, छोट्या बैलगाडीतून, आणलं होतं, खाली बसवून मान हलवायला. चिठ्ठी खरी आहे हे सांगायला मुलानं डॉक्टरलाही आणलं होतं. तीच त्याची चूक झाली.

चिठ्ठी पुढे झाली. नायब तहसीलदारांनी वाचली आणि बाकडे पाहून म्हणाले, बाबा, असं असेल तर तुमचा जबाब मी कसा धरू? मागे कोणीतरी खिदळलं. मग मी बोलले. शुद्ध बोलले, एकेक शब्द मोजून. डॉक्टरला विचारलं की तुमचा नियम काय? त्यानं सांगितलं, घरचा माणूस समोर नको. मालगुजारसाहेबांचं कार्ड भरताना घरचं कोणी समोर होतं का? डॉक्टरचं तोंड लाल झालं. मी म्हणाले ना, खोटा नव्हता तो.

‘होतं,’ तो म्हणाला. ‘उत्तरं मुलानंच दिली.’

मग ते कार्ड खरं का? नाही, म्हणाला. नायब तहसीलदारांनी चष्मा काढला आणि सांगितलं की आता इथंच विचारा, माझ्यासमोर. मुलगा पुढे सरकला तसा चपराशानं त्याला मागे धरला.

वर्ष कोणतं? म्हातारा इकडेतिकडे पाहून म्हणाला, साहेबाचा दौरा हाये ना आज, गोऱ्या साहेबाचा, घोडे बांधले का? तुमची पत्नी? भाकरी घेऊन येत असन, म्हणाला. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा कुठे आहे तुमचा? शाळेत गेलता, अजून आला नाई. मुलगा पाच हातांवर उभा होता, चपराशानं धरलेला. लोक आधी हसले, मग बायकांनी पदर तोंडाला लावले. मी नाही लावला. मी त्या पोट्ट्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. मले लय बरं वाटलं. आजही वाटते. ज्या खड्ड्यात माह्या बापाले टाकायले निघाला होता, त्यात त्याचाच बाप बसला होता, आणि तो खड्डा त्यानंच खणला होता.

आणि मग म्हाताऱ्याची नजर बावर गेली. तोंड एकदम उजळलं त्याचं. इतका वेळ अनोळखी माणसांत अडकलेल्याला ओळखीचं कोणी दिसावं तसं.

‘अरे अमक्या,’ तो म्हणाला, ‘पानी आन ना गा तुह्या इहिरीचं. गोड हाये.’

नायब तहसीलदारांची लेखणी थांबली. कोणाच्या विहिरीचं, त्यांनी विचारलं. याच्या, म्हातारा म्हणाला. तीन उन्हाळे खोदली यानं अन् याच्या बायकोनं. म्या म्हटलं होतं, पानी लागलं त तुकडा तुहा. मले वाटलं लागत नाई. लागलं ना! आणि तो हसायला लागला, त्या वीस वर्षांपूर्वीच्या फजितीवर, मनापासून. मुलानं त्याला काय पढवलं होतं ते सगळं तो विसरला होता. जुनं तेवढं उरलं होतं.

मुलगा ओरडला, साहेब, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, यांचं बोलणं धरू नका. नायब तहसीलदार म्हणाले, बरं, नाही धरत. मग असा शब्द दिलाच नव्हता हे त्यांचं बोलणं तुम्ही तहसिलीत लिहून दिलंय, ते कोणत्या डोक्यातून आणलं?

पण म्हातारा थांबायला तयार नव्हता. अमक्या, पानी. अमक्या, आयकू नाई येत का? सगळं गाव बाकडे पाहायला लागलं. आता इथं मी एक कबूल करते, कोणाजवळ आजवर केलं नाही. मी मनात म्हणाले, बा, एकदा ओ दे. एकदाच. साहेबासमोर त्या नावाला ओ दे, बादली टाक, तुकडा आपला होते. सव्वा वर्षाची त्याची ताठ मान मी त्या क्षणी चार बिघ्यांपायी वाकवायला निघाले होते.

बा पुढे गेला. मालगुजारासमोर उभा राहिला, बसलेल्या मालगुजारासमोर उभा, आणि म्हणाला, ‘ते माह्यं नाव नाई.’ मग आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. सावकाश.

म्हातारा त्याच्या ओठांकडे पाहत होता. पहिलीतल्या पोरासारखं त्यानं ते नाव उच्चारलं, मधे अडखळला, बानं परत सांगितलं, मग त्यानं सगळं नीट म्हटलं. आणि आमच्याकडे मानाच्या माणसाला लावतात तसा शेवटी ‘जी’ लावला. पानी पाजता का, म्हणाला. ‘पाजतोस का’ नाही, ‘पाजता का’!

तेव्हा बानं बादली टाकली. लोटाभर पाणी काढून त्याच्या हातात दिलं आणि मालगुजार आख्ख्या गावासमोर महाराच्या विहिरीचं पाणी, महाराच्या लोट्यातून, घटाघटा प्याला. मिशा ओल्या झाल्या. आणखी मागून घेतलं. मी मुलाकडे पाहिलं. पितळी गिलास त्यानं विस्तवात टाकला होता. आता बापाला कुठं टाकणार होता?

महिन्याभरात तुकडा बाच्या नावावर चढला.

डॉक्टर जाण्याआधी आमच्या घरी आला. बाची माफी मागितली, चहा प्याला. बाचं कार्ड फाडतो म्हणाला. मी फाडू दिलं नाही, मागून घेतलं. ते अजून माझ्या ट्रंकेत आहे, आता पिवळं राहिलं नाही. त्यानं विचारलं की मालगुजाराचं तुम्हाला आधीच कसं कळलं? मी म्हटलं, तुमच्या प्रश्नांत एक प्रश्न कमी आहे. आमच्या गावात माणूस देव विसरेल, सण विसरेल, पण कोणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही हे विसरत नाही. ते विसरला की समजा डोकं गेलं. त्यानं वहीत लिहून घेतलं. पुढे त्याच्या अहवालात ते आलं का, त्या परदेशी लोकांना त्याचं काय समजलं, मला माहीत नाही.

पुढच्या पावसाळ्यात मालगुजार आंगणात पडला. मांडीचं हाड मोडलं, अंथरूण धरलं, पाठीला जखमा झाल्या. दहा कोसांत जखम धुणारी नर्स मी एकटी. मुलगा दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, मान खाली घालून, आणि मला ‘बाई’ म्हणाला. मी गेले. लोक सांगतात, बघा किती मोठं मन, शत्रूची सेवा केली. सांगू द्या. जखम मी चांगलीच धुतली, त्यात कधी कसूर केली नाही, ते माझं काम होतं. पण गेले ती सेवेसाठी नाही.

रोज मी खाटेपाशी बसले की तो विचारायचा, कोनाची पोरगी वं तू? मी बाचं पूर्ण नाव सांगायचे आणि म्हणायचे, आता तुमी म्हना. तो म्हणायचा. ‘जी’ राहिला तर परत. नाव नीट आल्याशिवाय मी पट्टीला हात लावत नसे. मुलगा दारात पाण्याचं घमेलं धरून उभा असायचा, आणि त्याला रोज ते ऐकावं लागायचं. दुसऱ्या दिवशी म्हातारा सगळं विसरून परत तेच विचारायचा, आणि मी परत तेच सुरू करायचे. असे साडेसात महिने. बाला हे कळलं तेव्हा त्याला आवडलं नाही. मेलेल्याले काय मारतं, म्हणाला. मी म्हटलं, मेला नाई अजून.

शेवटच्या आठवड्यात त्याची भाषाच गेली. नुसतं छताकडे पाहायचा. मला कोनाची पोरगी विचारणंही थांबलं होतं. एका सकाळी मी पट्टी बांधत होते तेव्हा मुलगा घमेलं खाली ठेवून खाटेपाशी बसला. बापाचा हात हातात घेतला. बाबा, मी कोन, त्यानं विचारलं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती. परत विचारलं, परत विचारलं. शेवटी तो रडायला लागला आणि म्हणाला, ‘कोनी तरी याद हाये का तुमाले? एक तरी नाव?’

म्हाताऱ्याचे ओठ हलले. बराच वेळ नुसतेच हलले. मग माझ्या बापाचं नाव आलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव, सगळं, कुठंही न अडखळता.

मुलानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीची गाठ मारली, हात धुतले आणि घरी आले.

बा जेवायला बसला होता. मी त्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

‘जी म्हटलं का?’ त्यानं विचारलं.

‘म्हटलं,’ मी म्हणाले.

मग तो जेवला.